उकळून गाळलेलं पाणी

आम्ही वसई सोडली त्या दुपारी आय रडली नाही. ती ओट्यावर बसून तांदळाच्या भाकऱ्या केळीच्या पानात बांधत होती. बांधून झालेलं पुडकं सोडायची आणि पुन्हा बांधायची. बाबा टेम्पोवाल्याशी ट्रंक आडवी ठेवायची की उभी, यावरून भांडत होते. भांडण चालू असलं की त्यांना रडू येत नसे, हे टेम्पोवाला सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आमच्या आळीच्या तोंडाशी क्रूस आहे. दूरच्या गावाला निघालेल्यानं त्याच्या पायाशी ओठ टेकून जायचं, अशी आमच्याकडची रीत. मी टेकले, सहा वर्षांच्या रॉनीला उचलून टेकवायला लावले आणि वळले, तर आय मागंच उभी. हातात देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, भरून आणलेली पवित्र पाण्याची बाटली.

"देव सगळीकडं असतो, गो बाय," ती म्हणाली. "पण तिथं तुला ओळखणारं कोण असणार?"

यावर मी काय म्हणाले असेन? मी तेव्हाची फिलोमिना, देवळातल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची बाई, पोरांना पट्टीनं मारून दहा आज्ञा शिकवणारी. मी मान ताठ करून म्हणाले, "आय, देव ओळखतो ना मला, मग आणखी कोण कशाला पाहिजे?" आजूबाजूच्या बायांनी 'काय बोलली' म्हणून माना हलवल्या.  आयनं बाटलीचं बूच पुन्हा एकदा घट्ट केलं. त्या वयात माझ्याकडं सगळी उत्तरं तयार होती. प्रश्न तेवढे यायचे होते.

मागं राहिलात त्या तुम्हा बायांसाठी हे लिहितेय. आणि माझ्यासारख्या ट्रंका बांधून आखातात, कॅनडात, कुठं कुठं गेलात, त्या तुमच्यासाठीही. उज्जैनला राहून माझं मराठी आता मिसळीचं झालंय, ते तेवढं चालवून घ्या.

इनास, माझा नवरा, अंधेरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. टीव्हीवर रोज एक नवीन शब्द यायचा ते दिवस होते. उदारीकरण म्हणजे काय ते आम्हाला कळायच्या आत कारखान्याला कुलूप लागलं. त्याच वाऱ्यानं माळव्यात सोयाबीनच्या तेलाचे प्लान्ट उभे राहत होते, आणि देवास रोडवरच्या एका नव्या प्लान्टला मोटारी जाणणारा माणूस हवा होता. म्हणजे ज्या हातानं दार लावलं, त्याच हातानं खिडकी उघडली. मी मात्र ही खिडकी देवानं माझ्यासाठी खास उघडली अशा थाटात उज्जैनला उतरले. मला वाटलं, महाकालाच्या नगरीत धर्माचा दिवा लावायला आपली नेमणूक झालीय. नेमणूकपत्र तेवढं यायचं राहिलंय.

माधव नगरात दोन बिऱ्हाडांची माडी होती. एकात आम्ही, दुसऱ्यात कुमुदकाकू. मध्ये एक सामायिक गॅलरी. पहिल्याच आठवड्यात मी आयनं दिलेलं पवित्र पाणी चारी कोपऱ्यांत शिंपडलं, उंबऱ्यावर शिंपडलं, जिन्याखालच्या संडासावर शिंपडलं, आणि उरलेलं सगळं काकूच्या देवघराला लागून असलेल्या भिंतीवर. आयनं वर्षभर पुरेल म्हणून दिलेली बाटली आठवड्यात रिकामी. वर मी ती घासून तिच्यात फोडणीचं तेल भरलं.

देऊळ होतं, पण वसईसारखं नाही. फादर वर्की केरळचे, मिस्सेची प्रार्थना हिंदीत, आणि ती हिंदी नारळाच्या झाडावरून उतरून आलेली. मी पहिल्या रविवारी घरी येऊन इनासला म्हटलं, "ह्यांची प्रार्थना देवाला कळत असेल का?" इनास कमी बोलणारा. तो म्हणाला, "मला कळली." संध्याकाळी वसईत घंटा वाजली की अख्खी आळी आपापल्या ओट्यावर गुडघे टेकायची. इथं संध्याकाळी घंटा इतक्या वाजायच्या की कुठलीच आपली नाही. मी चिडून गॅलरीत चटई टाकायची आणि मोठमोठ्यानं रोझरीचा जप करायची. नमो मरिये, नमो मरिये. पलीकडं काकू मेथी निवडत बसलेली असायची. तिनं कधी रेडिओ लावला नाही की दार लोटलं नाही. मला वाटायचं, प्रभाव पडतोय.

कुमुदकाकूची ओळख करून द्यायला हवी. तिच्या सासरचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते, म्हणजे कित्येक पिढ्या उज्जैनचेच. काकू विधवा, एकुलता मुलगा पुण्यात कॉम्प्युटर शिकत होता. बोलणं मराठी, पण असं: "फिलू, काय करून राहिलीस? चल, पोहे बनवलेत, गरमच खा, फिकीर नको करू." आणि एक खोड सगळ्या माडीला ठाऊक होती. काकू गोड खोटं बोलायची. कुणाची काळी पोर बघून 'काय तेज आहे' म्हणायची, नापास झालेल्याला 'पेपर तपासणाराच गधा असेल' म्हणायची. पहिल्या नाताळात मी गोड कुलकुलं तळली. तेल कमी तापलं आणि खडे झाले खडे. काकूनं एक तोंडात टाकलं, गालातल्या गालात फिरवत राहिली आणि म्हणाली, "वा! असं खुसखुशीत आमच्या माळव्यात कुणाला जमायचं नाही." दुसऱ्या दिवशी मी वरून पाहिलं, ती ताटली गाईपुढं धरून उभी होती. गाईनंही तोंड फिरवलं.

मी तिला विचारलंच. आठवी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नये, वगैरे. ती हसली. "मन राखायला चार शब्द गोड बोललं तर कुणाचं काय जातं? खरं बोलायला दुनिया बसलीच आहे ना."

हे लक्षात ठेवा. पुढं हेच माझ्या गळ्याशी आलं.

रॉनीचं धर्मशिक्षण मी त्या गॅलरीतच घ्यायची. मी प्रश्न विचारायची, तो उत्तर द्यायचा, चुकला की कान. "बाप्तिस्मा कोण देऊ शकतो?" "धर्मगुरू." "आणि मूल मरणाच्या दारात असेल तर?" "कोणीही." "कसा?" मग तो हातानं हवेत पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो." एकदा काकूनं भाजीतून मान वर केली.

"कोणीही म्हणजे? मी पण?"

मी असं हसले, जसं साहेब शिपायाला हसतो. "नियम म्हणून हो, काकू. मनात चर्चचा हेतू पाहिजे एवढंच. पण तुमच्यावर कशाला तशी नौबत येईल?"

"आणि नाही दिला तर त्या पोराचं काय?"

मी आयनं मला सांगितलं होतं तेच ऐटीत सांगितलं. पाणी न पडलेलं लेकरू दाराबाहेर राहतं. आत उजेड दिसतो, पण जाता येत नाही. आज चर्च असं शिकवत नाही, तेव्हाही फारसं शिकवत नसावं. पण आमच्या आळीत तेच चालायचं. काकूचा हात मेथीवर थांबला. "लहान पोराला कोण बाहेर ठेवतं गं?" ती म्हणाली. मी म्हटलं, "नियम आहे."

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. मुलगी झाली तर नाव शेरॉन ठेवायचं, हे मी केबल टीव्ही बघून ठरवून टाकलं होतं. आमच्या घराण्यात सिसिलिया आणि इझाबेल सोडून काही नव्हतं, आणि मला आधुनिक व्हायचं होतं. सातवा महिना लागला. संक्रांतीच्या आसपासची थंडी, पाय सुजलेले, डोकं ठणकायचं. इनास प्लान्टच्या कामाला मंदसौरला गेलेला. सकाळी काकूनं तिळाचे लाडू आणून दिले, ते हातात घेतले एवढंच मला आठवतं. पुढचं सगळं मला लोकांनी सांगितलेलं आहे. मला झटके आले. काकूनं रॉनीला खालच्या बिऱ्हाडात सोडलं, मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पोर लवकर झाली. दुपारी जन्मली आणि सूर्य मावळायच्या आत गेली.

मी शुद्धीवर आले तेव्हा तिला पुरूनही झालं होतं.

इनास खाटेच्या पायथ्याशी बसला होता. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "मुलगी. छोटी होती." एवढंच. जन्मभरात तो तिच्याबद्दल यापेक्षा जास्त बोलला नाही. त्यानं तिला पाहिलं तेही पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. आणि मी, जिनं तिला सात महिने वाढवली, तिनं तर तेवढंही नाही. डॉक्टरीणबाईनं आणखी एक गोष्ट सांगितली, की आता यापुढं मूल नाही. मी ऐकलं आणि म्हटलं, बरं. मला एकच प्रश्न सुचला, तो मी इनासच्या खांद्यावरून पलीकडं उभ्या असलेल्या काकूला विचारला.

"पाणी पडलं का?"

काकू पुढं आली. माझं कपाळ पुसलं. "पडलं," ती म्हणाली. "मी टाकलं ना. रॉनीला शिकवायचीस तसंच. नाव मारिया ठेवलं. मला तुमच्यातलं तेच एक आठवलं, रोज संध्याकाळी पन्नासदा ऐकायची ते."

तुम्ही म्हणाल, पोरीच्या आईला याहून मोठं सुख कुठलं? पण काकूनं ते ज्या आवाजात सांगितलं ना, तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कुलकुलांचा आवाज होता तो. 'पेपर तपासणाराच गधा असेल', तो. आणि मला वाटलं, ही माझं मन राखतेय.

घरी आल्यावर दूध आलं. अंगाला कुठं ठाऊक होतं की पाजायला कुणी नाही! काकूनं मोगऱ्याचा मोसम नसताना देवास गेटपर्यंत फिरून कुठून तरी फुलं आणली आणि पदर घट्ट बांधून छातीशी लावून दिली, दूध आटावं म्हणून. मोगऱ्याचा वास मला आजही सोसत नाही. लग्नात गजरे वाटायला लागले की मी उठून पाणी प्यायला जाते.

एसटीडी बूथवरून वसईला फोन लावला. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्यांनी आयला हाक मारून आणलं. बूथवाला पेपर वाचायचं नाटक करत होता.  आयनंही तेच विचारलं, "बाप्तिस्मा झाला ना?"

"झाला म्हणतात."

"म्हणतात म्हणजे?"

मी फोन ठेवून दिला.

मग माझ्यातली ती धर्मशिक्षणाची बाई उठून बसली, पट्टी घेऊन. पोर गेली ते दुःख बाजूला, आधी कागदोपत्री चौकशी! दवाखान्यात जाऊन मी नर्सला गाठलं. ती म्हणाली, "बहनजी, उस दिन कितनी डिलेवरी हुईं, मुझे क्या याद कौन क्या बोला." साक्षीदार संपले. मग फादर वर्कींना घरी बोलावलं आणि काकूला त्यांच्यासमोर बसवलं. फादरांना त्यात काही शंका नव्हती. त्यांनी काकूच्या शब्दावर पोरीला मारिया नावानं, सगळ्या प्रार्थना म्हणून पुरलं होतं. शंका मला. आता आठवलं की माझंच मला हसू येतं. मी विचारत काय होते? पाणी कुठलं होतं? काकू म्हणाली, "घरचंच. तुझ्यासाठी फिरकीच्या तांब्यात नेलं होतं. उकळून गाळलेलं." कपाळावर पडलं की केसांवर? वाहिलं का नुसतं टिपकलं? आधी नाव घेतलं की आधी पाणी? बिचारी एकेक आठवून सांगत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. फादर आपले चहाच्या कपात बघत बसले होते.

शेवटी मी म्हटलं, "फादर, हेतूचं विचारा."

त्यांनी नाइलाजानं विचारलं, "माँजी, पानी डालते समय मन में क्या था?"

काकूला प्रश्नच कळेना. "मन में क्या होगा, भैया? ये कहती थी कि पानी नहीं पड़ा तो बच्चा दरवाजे के बाहर रह जाता है. मैंने सोचा, बच्चा बाहर नहीं रहना चाहिए. बस."

फादर वर्कींनी कप खाली ठेवला. त्यांच्या त्या नारळाच्या हिंदीत म्हणाले, "चर्च भी बस इतना ही चाहता है, माँजी." आणि उठून गेले.

दुसरी कुणी असती तर तिथं थांबली असती. मी थांबले नाही. फादरांचं खरं होतं, पण काकूनं खरोखर पाणी टाकलं असेल तर! नसेल टाकलं आणि नंतर मला बरं वाटावं म्हणून रचलं असेल, तर माझी पोर अजून बाहेर उभी होती. थंडीत. डोळे मिटले की मला दार दिसायचं. मी रोझरी हातात घ्यायची आणि मणी पुढं सरकायचाच नाही. पोट रिकामं, घर रिकामं आणि आता प्रार्थनाही रिकामी. मी देवाला म्हणायची, एवढं एक सांग, मग तू नेलीस तरी चालेल. तो काही बोलला नाही. तो बोलत नाही हे पोरांना शिकवायचं माझं राहून गेलं होतं.

एका सकाळी मी काकूच्या दारात गेले. ती देवांना आंघोळ घालत होती. मी म्हटलं, "काकू, महाकालाची शपथ घ्या. म्हणा, की पाणी टाकलं."

तिनं हातातली मूर्ती ताम्हनात ठेवली. मी तिला इतक्या दिवसांत रागावलेली पाहिली नव्हती, त्या दिवशीही नाही पाहिली. चेहरा नुसता विझला.

"नाही घेणार," ती म्हणाली. "मी शपथ घेईन, तू महाकालावर भरोसा ठेवशील. माझ्यावर कुठं ठेवलास? आणि तुझा तर तो देव पण नाही. जा, दूध उतू जाईल तुझं."

चुलीवर दूध नव्हतं. पण मी गेले.

राखेचा बुधवार आला. फादरांनी कपाळावर राख लावली, 'तू माती आहेस' म्हणाले, आणि मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे. तो ईस्टरपर्यंतचा सगळा उपवासकाळ काकू आणि मी एकमेकींशी बोललो नाही. गॅलरीत ती यायची तेव्हा मी आत, मी यायची तेव्हा ती आत. रॉनीला ती पोहे द्यायची, तो बशी घेऊन यायचा, मी बशी धुऊन परत पाठवायची. कधी रिकामी बशी परत पाठवू नये म्हणतात, मी पाठवली. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली ती तशीच. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून मला आवाज आला. काकू रॉनीला विचारत होती, "आजकाल तुझी आई ते म्हणत नाही का रे? मारियाचं?"

ईस्टरच्या रविवारी सकाळी इनासनं मला जवळजवळ धरूनच देवळात नेलं. बाहेर ऊन इतकं की चपला चिकटाव्यात. ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांना सांगते. त्या दिवशी सगळ्यांच्या हातात मेणबत्ती देतात आणि प्रत्येकाला आपल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा द्यायला लावतात. फादर विचारतात, लोक उत्तर देतात. फादर वर्की म्हणाले, "क्या तुम ईश्वर पर विश्वास करते हो, जिसने स्वर्ग और पृथ्वी को बनाया?" सगळं देऊळ म्हणालं, "हाँ, हम विश्वास करते हैं." मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

मेण वितळून माझ्या अंगठ्यावर येत होतं. फादर पुढचं विचारत होते. तो कुमारीच्या पोटी जन्मला, मेला, पुरला गेला, पुन्हा उठला. मी विचार करत होते, यातलं मी काय पाहिलंय? पृथ्वी बनवताना मी नव्हते. तो उठला तेव्हाही नव्हते. पहाटे थडग्याशी काही बाया गेल्या होत्या, त्यांनी येऊन सांगितलं. शिष्यांना ती बायांची बडबड वाटली. आत्ताच वाचलं होतं शुभवर्तमानातून, मोठ्यानं. पण बायांनी सांगितलं, आणि ते सांगणं तोंडातोंडी वसईच्या आळीपर्यंत पोचलं, आयपर्यंत, माझ्यापर्यंत. इतक्या दूरच्या, कधी न पाहिलेल्या बायांवर मी जन्मभर विश्वास ठेवला. आणि जिनं माझं हगणंमुतणं काढलं, थंडीवाऱ्यात माझ्यासाठी फुलं शोधली, जी माझी पोर मरताना तिथं होती, तिच्यावर नाही.

"क्या तुम विश्वास करते हो?" फादर शेवटचं विचारत होते. मी म्हणाले, "हाँ." लोकांच्या मागून, एकटीच, बऱ्याच मोठ्यानं. पुढच्या बाकावरची पोरं वळून हसली.

तिथून मी सरळ काकूच्या दारात. हातात विझलेली मेणबत्ती तशीच. काकू कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं आणि परत खाली. मी उंबऱ्यावर बसले. काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते. तोंडातून निघालं ते असं:

"काकू, ती दिसायला कशी होती?"

इतक्या दिवसांत हे मी विचारलंच नव्हतं. पाणी विचारलं, शब्द विचारले, हेतू विचारला. पोरगी विचारली नव्हती.

काकूचे हात कणकेत थांबले.  मग ती म्हणाली, "खरं सांगू? सुंदर नव्हती गं. जांभळासारखी पडली होती. कानावर लव, माकडिणीच्या पिल्लासारखी. डोळे उघडलेच नाहीत तिनं. बोटं लांब, इनासची. आणि नाक तुझं. एकदम बसकं. मी मनात म्हटलं, अगं बाई, देवा, एवढीशी आली, आणि आली तर हे नाक घेऊन." मग ती थांबली. "पाणी टाकलं तेव्हा तिनं शिंकल्यासारखं केलं. कोमट होतं, तरी पण."

पहिल्यांदा त्या बाईनं माझं मन राखलं नव्हतं.

मी रडले. पोर गेल्यापासून पहिल्यांदा. काकूनं कणकेच्या हातांनीच मला जवळ घेतलं. माझ्या ईस्टरच्या साडीच्या पाठीवर तिची दहाही बोटं उमटली. संध्याकाळी मी गॅलरीत चटई टाकली. आवाज मात्र हळू. काकू आपलं भाजीचं ताट घेऊन आली, बसली, आणि म्हणाली, "जरा जोरात म्हण ना. मारियाचं आहे."

त्यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. देवावर भरवसा आला म्हणजे दुःख उतरलं, असं फक्त देवळाच्या पत्रकात लिहिलेलं असतं. काही वर्षांनी इनासचा प्लान्टही बंद पडला, तेव्हा तो नानाखेड्याजवळ पंखे दुरुस्त करत बसला. आय गेली तेव्हा मला पोचायला उशीर झाला. मी मागितलं ते देवानं क्वचितच दिलं. पण पूर्वी मी देवापुढं गुडघे टेकायची ते पाठ केलेलं घडाघडा म्हणायला. आता टेकते ते उंबऱ्यावर बसल्यासारखी, कुणी आतून काय सांगेल ते ऐकायला. कधी सांगतो, बहुतेक वेळा नाही. मी बसते.

काकू गेली त्यालाही आता काही वर्षं झाली. मुलगा अमेरिकेहून निघाला होता, पण पोचला नाही. तिचा श्वास लागला तेव्हा मी होते. तिच्या देवघरातली गंगेची गडवी मी काढली, तुळशीचं पान घेतलं आणि तिच्या तोंडात पाणी घातलं. मनात काय होतं? काय असणार! म्हातारी तहानलेली नको जायला. बस. ते कुणाच्या नावानं घातलं, हे विचारायला मी कुठल्या फादरकडं गेले नाही.

इनासही आता कबरस्तानात पोरीशेजारी झोपलाय. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी दोघांवर मेणबत्त्या लावते, आणि एक जास्तीची पोरीच्याच कबरीवर. कुमुदकाकूला कबर नाही, तिची राख शिप्रेत गेली. तिची मेणबत्ती कुठं लावणार दुसरीकडं?

रॉनी कॅनडाला बोलावतो. वसईचा भाऊ म्हणतो, गावी ये, क्रूस अजून आहे, आजूबाजूला टॉवर झाले एवढंच. परवा नात व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आजी, तू तिथं एकटी कशाला राहतेस? तिथं तुला ओळखतं कोण?"

आयचाच प्रश्न, सात समुद्र फिरून परत आलेला. या खेपेला मी मान ताठ केली नाही. नातीचा चेहरा स्क्रीनवर अगदी जवळ आला होता आणि तिचं नाक, बिचारीचं, अगदी बसकं. मला हसू आलं.

एक जण आहे गं बाय, मी तिला म्हटलं. मी तिला कधी पाहिलेलं नाही. पण मी दारात पोचले ना, की ती मला नाकावरून ओळखेल.